सांदण दरी : साम्रदपासून डेहण्यापर्यंत उतरण्याची नीट पद्धत

सांदणला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दरी केवढी आहे?" दोन किलोमीटरच्या आसपास, असं उत्तर मिळालं की तो निवांत होतो. दोन किलोमीटर म्हणजे दोन तास, रमतगमत गेलो तरी तीन. मग सकाळी साडेआठला पोहे, नऊला चहा, फोटो, पुन्हा चहा आणि साडेदहाला दरीच्या तोंडाशी. त्याच मंडळींना संध्याकाळी सात वाजता शेवटच्या दोराखाली अंधारात बूट चाचपताना मी पाहिलंय. एकदा तर त्या मंडळींत मीही होतो.

सांदणमध्ये अंतर मोजून काही कळत नाही. माणसं किती आणि दोर किती, एवढंच विचारायचं. बाकीचं वेळापत्रक त्यातूनच निघतं. खाली लिहिलंय ते संपूर्ण उतराईबद्दल आहे. साम्रदहून दरीत शिरून, दोराने टप्पे उतरून कोकणात बाहेर पडायचं, हा तो बेत. घरच्यांना घेऊन दुसऱ्या डोहापर्यंत जाऊन परत यायचं असेल तर पायरी ६ पर्यंतचं पुरे.

१. बाहेर कुठून पडणार, ते आधी ठरवा

साम्रद अकोले तालुक्यात, म्हणजे घाटमाथ्यावर. दरी उतरून तुम्ही पोचता ते कोकणात, शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावाच्या बाजूला. नकाशावर दोन्ही गावं हाकेच्या अंतरावर दिसतात आणि इथेच पहिली फसगत होते. गाडी साम्रदला लावून दरी उतरलात आणि डेहण्यात निघालात, तर गाडीपर्यंत पोचायला शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, शेंडी असा शंभर किलोमीटरच्या वरचा फेरा आहे. दमल्या अंगाने तो कुणाला सोसवत नाही.

पर्याय तीनच आहेत.

एक, गेलात त्याच वाटेने परत. पहिल्या दोराच्या टप्प्याच्या अलीकडे केव्हाही मागे फिरता येतं. गाडी साम्रदला.

दोन, दरी उतरून तळाला पोचायचं आणि करोळी घाटाने चढून पुन्हा साम्रदला यायचं. गाडी साम्रदलाच, पण दिवसाच्या शेवटी तीन-चार तासांचा चढ. एका दिवसात हे जमवणारे लोक आहेत, पण ते लहान आणि सरावलेल्या गटाने करतात. बाकीच्यांनी मध्ये एक मुक्काम धरावा.

तीन, दरी उतरून चालत डेहणे, तिथून जीपने आसनगाव स्टेशन. मुंबई-ठाण्याच्या मंडळींना हे सोयीचं. जाताना कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीपने साम्रद, येताना आसनगावहून लोकल. स्वतःची गाडी आणायचीच नाही. डेहण्याची जीप मात्र आदल्या दिवशी बोलून ठेवलेली हवी. संध्याकाळी सहानंतर तिथे उभं राहून गाडी मिळेल या आशेवर राहू नका.

*तपासा :* गटातल्या प्रत्येकाला "आपण कुठे बाहेर पडणार" याचं उत्तर येतं का? निम्म्यांना येत नाही, हा माझा अनुभव.

२. महिना निवडणं म्हणजे पाणी निवडणं

पावसाळ्यात सांदण हा ओढा असतो. जून ते सप्टेंबर आत शिरायचा विचारही नको. शेजारचा घाटघर परिसर राज्यातल्या सर्वांत पावसाळी जागांपैकी आहे आणि वरच्या उतारांवर पडलेलं पाणी याच फटीतून कोकणात उतरतं.

ऑक्टोबर फसवा. ऊन पडलेलं असतं, गवत सोनेरी झालेलं असतं आणि परतीचा पाऊस दुपारी तीन वाजता गडगडत येतो. डोहही भरलेले असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे भरवसा धरता येतो. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम, पण दरीत ऊन जेमतेम दुपारी तासभर येतं आणि छातीपर्यंतच्या पाण्यातून सकाळी सातला जाताना दातखीळ बसते. फेब्रुवारी मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. थंडी सरलेली, पाणी उतरलेलं, तळाचं कोकण अजून तापायचं असतं. मार्चअखेर ते मे डोह आटतात, उतराई सोपी होते, पण तळापासून डेहण्यापर्यंतची चाल भाजून काढते.

मेच्या शेवटी भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं आणि जाता जाता सांदणही उरकायचं, असा बेत हल्ली फार लोक करतात. तो वळवाचा काळ. वळीव सांगून येत नाही. काजवे बघा, सांदण पुढच्या हिवाळ्यावर टाका.

*सावध :* तुमच्या डोक्यावरचं आकाश निळं असून भागत नाही. पाऊस रतनगडाच्या बाजूला पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं. हवामान खात्याचा अंदाज अकोले आणि शहापूर अशा दोन्ही तालुक्यांचा बघा. दोहोंपैकी एकीकडेही विजांसह पावसाचा इशारा असेल तर दोराचे टप्पे रद्द.

३. माणसं, दोर आणि वेळेचं गणित

हे कागदावर करा. डोक्यात केलं की उत्तर नेहमी आपल्या सोयीचं येतं.

दरीत दोराने उतरायचे मुख्य टप्पे तीन. पहिला सगळ्यांत मोठा, चाळीस-पंचेचाळीस फुटांचा. पुढचे दोन त्याच्या निम्म्याहून लहान. पहिल्या टप्प्यावर नवखा माणूस अडकवणं, तपासणं, कडेवरून पाय खाली टाकायचं धाडस गोळा करणं, उतरणं, सुटणं आणि वर इशारा देणं, यात सहा-सात मिनिटं घेतो. सात धरा.

१२ माणसं, एक दोर : ८४ मिनिटं.
२० माणसं, एक दोर : १४० मिनिटं.
३० माणसं, एक दोर : साडेतीन तास.

हा झाला फक्त पहिला टप्पा. एकदा चाळीसहून जास्त लोकांच्या गटात मी गेलो होतो. आयोजकांनी दोन दोर म्हणून सांगितलं होतं, लागला एकच. माझा नंबर आला तेव्हा सकाळी भिजलेले कपडे अंगावरच वाळले होते आणि बरोबर आणलेला डबा रांगेतच संपला होता. त्या दिवशी शेवटचा माणूस डेहण्यात पोचला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. कुणाला इजा झाली नाही, हे आमचं नशीब.

म्हणून बारापेक्षा जास्त माणसं असतील तर पहिल्या टप्प्यावर दोन स्वतंत्र दोर लावा, दोन्हींवर जाणता माणूस ठेवा आणि वीसच्या वर जाऊच नका. शिवाय पुढच्या टप्प्यासाठी वेगळा दोर हवा. पहिल्यावरून खाली आलेले दोन अनुभवी लोक लगेच पुढे जाऊन दुसरा टप्पा लावायला घेतात. मागचे उतरेपर्यंत पुढचं तयार असतं. ही एवढी व्यवस्था दीड-दोन तास वाचवते.

दोराची लांबीही मोजून घ्या. ४५ फूट म्हणजे साधारण १४ मीटर. दोर बांधायची जागा कडेपासून दोन-तीन मीटर मागे असते. शेवटच्या माणसाला दोर दुहेरी करून उतरायचं असतं, म्हणजे ३४ मीटर झाले. तीस मीटरचा दोर "पुरेल की" म्हणून आणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. १० किंवा ११ मिलिमीटरचा, कमी ताणाचा, म्हणजे स्टॅटिक दोर ५० मीटरचा घ्या.

आणि कठोर वाटलं तरी सांगतो. गटात बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स केलेली किंवा त्या तोडीची किमान दोन माणसं नसतील, तर स्वतःच्या जिवावर हे टप्पे लावू नका. साम्रदमध्येच दरीत नेणारी अनुभवी मुलं आहेत. पैसे मोजून त्यांना घ्या. व्हिडिओ पाहून गाठ मारता येते, पण ती चुकली आहे हे व्हिडिओ सांगत नाही.

४. सामान : काय घ्यायचं, काय घरी ठेवायचं

माणशी हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), स्क्रू असलेलं कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), डिसेंडर (दोर ज्यातून ओवून वेग आवरत उतरायचं ते साधन), हेल्मेट आणि चामड्याचे हातमोजे. हेल्मेट पाच जणांत एक फिरवायचं नसतं. दगड रांगेत उभ्या असलेल्यावरही पडतो, किंबहुना त्याच्यावरच पडतो.

बूट घोट्यापर्यंतचे, तळाला खोल नक्षी असलेले आणि भिजले तरी चालतील असे. डोह ओलांडताना बूट काढून हातात घेणारे लोक दिसतात. पाण्याखालचे दगड शेवाळलेले आणि कडांना धारदार असतात, तळपाय फाटला की तिथेच ट्रेक संपला. बूट घालूनच पाण्यात उतरा. कोरड्या मोज्यांचे दोन जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दुसरा डोह संपला की बदला. जीन्स नको. भिजली की वजन वाढतं आणि गुडघा वाकत नाही.

पाणी माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार. ओआरएसची पाकिटं. खायला चालता चालता हातात धरता येईल असं : खजूर, चिक्की, गुळाची पोळी, चटणी लावलेल्या पोळ्यांच्या गुंडाळ्या. रस्सा असलेला डबा सॅकमध्ये सांडतोच.

डोक्यावर लावायची बॅटरी प्रत्येकाकडे हवी. मोबाइलचा टॉर्च धरला तर एक हात गेला, आणि दरीत दोन्ही हात लागतात. सॅक पंचवीस-तीस लिटरची, आत जाड प्लॅस्टिकची पिशवी. सॅकच्या बाहेर लोंबणारी चटई, बाटली, कॅमेऱ्याचा पट्टा यातलं काही नको.

अत्तर, डिओ टाळा. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहळं असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा, तिन्ही त्यांना चालत नाही आणि दरीत पळायला जागा नसते.

५. आदली संध्याकाळ साम्रदला

पुण्याहून पाचेक तास, कसाऱ्याहून दोन-अडीच. शक्यतो उजेडात पोचा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वाटेतल्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती जपून ठेवा. गावात घरगुती जेवणाची सोय होते. उद्या पहाटे पाचला नाश्ता हवा, हे आजच सांगा.

वाटाड्याशी बोलणं करताना भावाआधी तीन गोष्टी विचारा. या आठवड्यात दरीत कोण उतरलं का? दुसऱ्या डोहात पाणी कुठवर आहे? वर कुठे पाऊस झाला का? पाण्याचं उत्तर अंगावर हात ठेवून मिळतं, कमरेवर नाहीतर छातीवर, आणि ते कुठल्याही ॲपपेक्षा खरं असतं. ॲपवरून त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

जेवणानंतर अर्धा तास सगळ्यांना अंगणात बसवून हार्नेस चढवायला लावा. कमरेचा पट्टा माकडहाडावर न येता कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे, पट्ट्यातून चार बोटं सपाट जातील पण मूठ निघणार नाही इतका घट्ट. ज्यांनी कधी दोर पाहिला नाही त्यांना झाडाला दोर बांधून डिसेंडरमध्ये तो कसा भरायचा ते दाखवा. हीच शिकवणी लोक कड्याच्या तोंडावर घेतात. तिथे कानात काही शिरत नाही.

*तपासा :* कुणाला गुडघ्याचं दुखणं, दमा, चक्कर, उंचीची भीती? आज सांगितलं तर उपाय आहे. पहिला दोर ओढून घेतल्यावर नाही.

६. दरीच्या तोंडापासून दुसऱ्या डोहापर्यंत

साम्रदमधून सहाला निघा. गावापासून दरीचं तोंड पंधरा-वीस मिनिटांवर. आत शिरल्यावर भिंती जवळ येत जातात आणि पहिला डोह लवकरच लागतो. तो बहुधा गुडघा-मांडीपर्यंत, काठाच्या दगडांवरून अंग चोरून कधी कधी कोरडंही जाता येतं. पण या कसरतीतच लोक पडतात. सरळ पाण्यातून चाला.

दुसरा डोह खरा. हंगामाच्या सुरुवातीला छातीपर्यंत, कधी त्याहून वर. वाटाड्या पुढे, त्याने पाऊल टाकलं तिथेच पाऊल. तळ दिसत नसेल तर काठीने चाचपा. सॅक डोक्यावर घ्या किंवा माणसांची साखळी करून पलीकडे पोचवा. मोबाइल कोरड्या पिशवीत, सॅकच्या आत. "एकच फोटो" म्हणत हातात ठेवलेला फोन हमखास याच डोहात पडतो. पोहता न येणाऱ्यांच्या पुढे-मागे एकेक पोहणारा ठेवा. बुटक्यांना मध्ये घ्या.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहायची, ती मला एका साम्रदच्या दादांनी शिकवली. डोहात उतरण्याआधी ते भिंतीजवळ गेले आणि पाण्याच्या वर कातळाला बोट लावून पाहिलं. कातळावर पाण्याची ओली रेघ होती आणि तिच्याखाली वीतभर पट्टा अजून ओलसर. म्हणजे पाणी नुकतंच तेवढं खाली गेलं होतं. "काल वर काहीतरी पडून गेलंय," ते म्हणाले आणि थोडा वेळ थांबून पाण्याचा रंग बघत राहिले. पाणी स्वच्छ होतं, आम्ही पुढे गेलो. रेघ पाण्याखाली गेलेली दिसली असती तर परत फिरायचं, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.

*सावध :* स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, पानं-काटक्या तरंगत येऊ लागल्या, पाण्याची पातळी हललेली दिसली किंवा वरून घरघर ऐकू आली, की चर्चा नको. दोराच्या अलीकडे असाल आणि बाहेर पडायला पुरेसा वेळ असेल तर मागे. नसेल तर जवळच्या सगळ्यांत उंच धोंड्यावर किंवा कपारीत चढा, सॅक खाली राहिली तरी चालेल.

७. धोंड्यांचा पट्टा

डोहांनंतर मोटारीएवढे, काही खोलीएवढे धोंडे एकावर एक पडलेले आहेत. घोटे मुरगळायचे प्रकार दोरावर कमी आणि इथे जास्त होतात, कारण इथे कुणी घाबरलेलं नसतं.

दोन हात आणि दोन पाय, यातले तीन एका वेळी कातळाला टेकलेले हवेत. धोंड्यावर पूर्ण भार टाकण्याआधी बुटाने दाबून पाहा, मोठा दिसतो म्हणून तो बसलेला असतो असं नाही. उंचावरून उडी मारू नका. बसा, घसरत या, खालच्याचा खांदा घ्या. ओला काळा कातळ आणि कोरडा काळा कातळ सावलीत सारखेच दिसतात, तेव्हा सगळा ओलाच समजून चाला.

दगड सुटला की मोठ्याने "दगड!" एवढंच ओरडायचं. ऐकणाऱ्याने वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. दगड माणसांमुळेच सुटतो असंही नाही, वरून माकडंही पाडतात.

या पट्ट्यात जीपीएसवर विसंबू नका, उभ्या भिंतींत ते भरकटतं. मोबाइलला रेंज नाही. वाट चुकायला जागा नाही हे खरं, पण धोंड्यांच्या खालून जायचं की वरून, यात अर्धा तास जाऊ शकतो. वाटाड्याच्या नजरेच्या टप्प्यात राहा.

*तपासा :* पहिल्या दोराच्या जागी सकाळी नऊपर्यंत पोचलात का? अकरा वाजून गेले असतील आणि गट मोठा असेल, तर इथून परत फिरणं हाच त्या दिवसाचा योग्य बेत. यापुढे परतीची वाट नाही.

८. दोरावर

आधी बांधणी. तिथे पूर्वी ठोकलेले बोल्ट दिसतील. ते कुणी, कधी ठोकले आणि किती गंजलेत हे तुम्हाला दिसत नाही, म्हणून एकाच बोल्टवर कधीही नाही. दोन स्वतंत्र आधार घ्या, एक निखळला तरी दुसरा पूर्ण भार घेईल असे जोडा. कातळाच्या कडेवर दोर घासतो तिथे जुनी सॅक किंवा जाड कापड घाला. दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारा आणि टोक जमिनीला टेकलंय हे डोळ्यांनी पाहा. "टेकलं असेल" चालत नाही.

नवख्यांसाठी वरून दुसरा दोर, म्हणजे बिले, वेगळ्या आधारावरून. सगळ्यांत आधी एक अनुभवी माणूस खाली जातो आणि उतरण्याच्या दोराचं टोक हातात धरून उभा राहतो. वरच्याचा हात सुटला तर खालच्याने दोर ताणला की तो जागेवर थांबतो. हा खालचा माणूस फोटो काढत नाही, पाणी पीत नाही, गप्पा मारत नाही.

मग प्रत्येकाची तपासणी, दर वेळी याच क्रमाने, वरून खाली : हेल्मेटचा पट्टा, हार्नेसचं बक्कल, कॅराबिनरचा स्क्रू, डिसेंडरमधला दोर, बिलेची गाठ. तपासणारा माणूस एकच आणि तो हात लावून तपासतो. "लावलंय का रे?" "हो" याला तपासणी म्हणत नाहीत.

मोकळे केस, ओढणी, गळ्यातला गमछा, जॅकेटची नाडी, हे सगळं आत खोचा किंवा काढा. एकदा एका मुलीची वेणी डिसेंडरमध्ये ओढली गेली. ती कड्याच्या मध्यावर मान वाकडी करून अडकली. वरच्याने बिले घट्ट धरून तिला थोडी उचलून घेतल्यावर वेणी सुटली. पाच मिनिटांचा प्रकार, पण नंतर तासभर तिचे हात थरथरत होते.

उतरताना सगळ्यांत अवघड पाऊल पहिलं. लोक कडेवर उभे राहतात, गुडघे वाकवतात, कातळाला बिलगतात. तसं केलं की बुटाखालची पकड जाते आणि माणूस भिंतीवर आपटतो. त्याऐवजी पाय खांद्याएवढे फाकवा, टाच कातळाला लावा आणि मागे, खरंच मागे रेला, खुर्चीत बसल्यासारखे, भार दोरावर येईपर्यंत. तळवा कातळावर सपाट बसला की पाय घसरत नाही. मग चालत खाली. सिनेमातल्यासारख्या उड्या मारल्या की आधारावर झटके बसतात.

खालचा हात, म्हणजे ब्रेकचा हात, दोरावरून कधीही सुटत नाही. घाम पुसायला नाही, चष्मा सावरायला नाही, हात हलवायला तर नाहीच. थांबायचं असेल तर तो हात कमरेमागे न्या. डिसेंडरच्या खाली दोरावर प्रुसिकची गाठ (बारीक दोरीचे वेढे, भार आला की आवळणारे) मारून ती हार्नेसला जोडली तर हात सुटला तरी माणूस थांबतो. जाणते लोकही ती मारतात, त्यात कमीपणा नाही.

खाली पोचलात की आधी डिसेंडर सोडवा, मग "दोर मोकळा!" असं मोठ्याने सांगा, मग दोराखालून बाजूला व्हा. फोटो त्यानंतर. डिसेंडर तापलेला असतो, उघड्या बोटांनी धरू नका.

क्रम कसा लावायचा? घाबरणाऱ्यांना शेवटी ठेवण्याची चूक सगळे करतात. दीड तास दुसऱ्यांच्या किंकाळ्या ऐकून ते आणखी गळतात. अनुभवी दोघं आधी, त्यांच्यामागे लगेच घाबरलेले, मग बाकीचे.

९. शेवटचा माणूस

शेवटी उतरणाऱ्याला बिले नसतं आणि वर मदतीला कुणी नसतं, म्हणून तो गटातला सगळ्यांत जाणता असतो, सगळ्यांत दणकट नव्हे. तो जास्तीचा दोर काढतो आणि उतरायचा दोर आधारावरच्या कडीतून दुहेरी करतो. तो खाली सोडल्यावर दोन्ही टोकं जमिनीला लागली का, हे खालच्यांकडून ओरडून खात्री करून घेतो. प्रुसिक मारतो आणि मग निघतो.

त्याने निघण्याआधी खालच्यांनी दोर फूटभर ओढून पाहायचा. सरकला तर ठीक. अडकत असेल तर वर माणूस असतानाच ते सुधारता येतं. दोन दोर जोडले असतील तर गाठ कुठल्या बाजूला आहे आणि कुठलं टोक ओढायचं, हे खाली उभ्या दोघांनी मोठ्याने म्हणून घ्या. उलटं टोक ओढलं की गाठ कडीत अडकते आणि तुमचा दोर कड्यावर राहतो, पुढचे टप्पे समोर असताना. ओढण्याआधी खालच्या टोकांच्या गाठी सोडा. हे विसरणारे इतके आहेत की मी ते हाताच्या मोज्यावर पेनाने लिहून ठेवतो.

दोर ओढून घेतला की वरचं दार बंद. म्हणून ओढण्याआधी शेवटचा एकदा हिशोब : माणसं मोजा, हेल्मेट मोजा, वर राहिलेली एखादी सॅक आठवा.

पुढचे दोन टप्पे लहान आहेत. तपासणी तीच, एकही पायरी न गाळता. "पंधरा फूट तर आहे" म्हणून दोराशिवाय उतरायला जाणारे पाय मोडून घेतात.

१०. तळापासून पुढे

शेवटच्या टप्प्यानंतर दरी रुंदावते आणि धोंड्यांतली चाल पुन्हा सुरू होते. इथे सगळ्यांना वाटतं की आता झालं. डेहण्यापर्यंत अजून तीन-चार तास आहेत, आणि ते दमलेल्या पायांनी. तळाच्या पाण्याजवळ वीस मिनिटं बसा, खा, मोजे बदला, बाटल्या भरा. पाणी गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून घ्या.

सगळ्यांत हळू चालणारा दुसऱ्या क्रमांकावर, वाटाड्याच्या मागे. शेवटी एक जाणता माणूस, त्याच्या मागे कुणीही नाही. ओढ्याचं पात्र सोडून रानवाटेला लागायची जागा सहज चुकते आणि करोळी घाटाचा फाटा त्याहून सहज. म्हणून वाटाड्याला शेवटच्या टप्प्यावरून परत पाठवून पैसे वाचवू नका.

मुक्काम करणार असाल तर परवानगीचं वन विभागाशी आधीच बोलून घ्या. तंबू पात्रात लावू नका, वाळू कितीही मऊ वाटली तरी. मार्चनंतर चूल पेटवू नका, वाळल्या गवतात वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

कुणाला इजा झाली तर : रक्त दाबून थांबवा, मोडलेला पाय आहे त्या स्थितीत काठ्यांनी बांधा, जखमीजवळ दोघं ठेवा आणि दोघांना रेंजच्या दिशेने पाठवा, एकट्याला कधीच नाही. साप चावला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. पाय हलू न देता उचलून न्या. फोन लागला की ११२ किंवा १०८ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन, तिचा नंबर घरूनच साठवून आणा. सांगताना "सांदणमध्ये आहोत" एवढं पुरत नाही. दुसऱ्या डोहाच्या पुढे, पहिल्या दोराच्या खाली, तिसऱ्या दोराच्या खाली, असं सांगा. मदत साम्रदकडून उतरवायची की डेहण्याकडून चढवायची, ते त्यावरच ठरतं.

डेहण्यात पोचल्यावर रेंज आली की साम्रदला, आदल्या रात्री ज्यांच्याकडे जेवलात त्या घरी, फोन करा आणि सगळे उतरल्याचं सांगा. फोन आला नाही तर ती माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन दरीच्या तोंडाशी येऊन उभी राहतात. दोर घरी गेल्यावर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि हातातून सरकवत पूर्ण लांबी चाचपून बघा. कुठे चपटा, मऊ किंवा कडक लागला तर पुढच्या ट्रेकला तो नेऊ नका.